कुठं लिहिलंय ते दाखव

इसालेचं पान घेऊन गौडेन्सिया अंगणात आली, तेव्हा लिओकाडिया गाईसाठी केळीचा बुंधा चिरत होती. पानाला मधोमध गाठ मारलेली होती. गाठ मारलेलं इसालेचं पान कशासाठी येतं, हे किलिमांजारोच्या उतारावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ज्याच्या हातून अपराध घडला तो पान पाठवतो आणि ज्याच्या दारात ते येतं त्यानं माफ करायचं. नाही म्हणायची सोयच नसते. नाही म्हटलेल्या घरांचं पुढं काय झालं, याच्या गोष्टी इथल्या म्हाताऱ्यांकडे ढिगानं आहेत, आणि त्यातली एकही चांगली संपत नाही.

"कुणाचं?" लिओकाडियानं मान वर न करता विचारलं.

"म्हाताऱ्या प्रोचेसचं."

कोयता बुंध्यात रुतला तो तसाच राहिला.

गौडेन्सिया ही लिओकाडियाची नणंद, अन्सेल्मीची पाठची बहीण. आणि प्रोचेसनं अन्सेल्मीचं काय केलं होतं, हे त्या दोघींइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? अन्सेल्मी केळ्यांची दारू गाळायचा. म्बेगे सगळेच करतात, पण त्याच्या म्बेगेसाठी माणसं खालच्या बाजारापासून चढ चढून यायची. त्यांच्या दहा-पंधरा घरांची जुमुइया भरायची गुरुवारी, आणि गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस. पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं, येत्या रविवारचं शुभवर्तमान वाचायचं, जपमाळ म्हणायची, कुणी आजारी असेल तर त्याच्याकडे जाऊन यायचं, असं सगळं असतं तिथं. अन्सेल्मी कधी गेला नाही. वर गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "देवाला माझ्या घरची वाट माहीत आहे. प्रोचेसनं पुढं कंदील धरायची गरज नाही." ही चेष्टा त्याच्या म्बेगेबरोबर गावभर फिरली. प्रोचेस जुमुइयाचा अध्यक्ष. त्याच्यापर्यंत ती पोचली नसेल तरच नवल.

मग एका सकाळी गाईसाठी फांदी तोडताना अन्सेल्मी झाडावरून पडला आणि दुपार व्हायच्या आत गेला. कुणाचा बाप्तिस्मा करायचा, कुणाचं लग्न लावायचं, कुणाच्या मातीला यायचं, हे फादर जुमुइयाच्या अध्यक्षाला विचारून ठरवतात. फादर नवे होते. प्रोचेसनं नियमावर बोट ठेवून सांगितलं, हा माणूस आमच्यात नव्हता. फादर आले नाहीत. अन्सेल्मीला त्याच्याच केळीच्या बागेत पुरलं. शेजाऱ्यांना येत होती ती गाणी त्यांनी म्हटली. पेटीवर पवित्र पाणी शिंपडायलाही कुणी नव्हतं. गौडेन्सियानं 'हे आमच्या बापा' सुरू केलं आणि मध्येच तिला रडू फुटलं, तेही अर्धंच राहिलं. लिओकाडिया मात्र रडली नाही. त्या संध्याकाळी तिनं जपमाळ आणि लग्नातलं बायबल एका फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी घातलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. चर्चची घंटा तिच्या लेखी शेजारच्या कोंबड्याएवढीच उरली होती.

तर आता हे पान.

लिओकाडियानं हात पुसले. पान हातात घेतलं की संपलं, हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं हात पाठीमागेच ठेवले. आणि मग जन्मात कधी बोलली नव्हती असं काहीतरी बोलली. "पानबिन मी मानत नाही. बाप्तिस्मा झालेली बाई आहे मी. वाडवडिलांच्या पानाला कशाला भिऊ?"

गौडेन्सिया तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. "नऊ वर्षं चर्चची पायरी चढली नाहीस, आणि आज एकदम ख्रिस्ती झालीस, वहिनी?"

"झाले. मी पुस्तक मानते. पुस्तकात दाखव, ज्यानं माझ्या नवऱ्याला कुत्र्यासारखं पुरायला लावलं, त्याला मी माफ करायचं म्हणून. कुठं लिहिलंय?"

"तुझा नवरा माझा सख्खा भाऊ होता," गौडेन्सिया शांतपणे म्हणाली. "मी का शोधू? पुस्तक तू मानतेस, तूच शोध. पान इथं ठेवते. नाही सापडलं तर मीच परत नेईन आणि म्हाताऱ्याला तोंडावर सांगेन." पान तिनं तिवईवर ठेवलं आणि ती निघून गेली.

असं कुठंतरी लिहिलेलं असणार, हे लिओकाडियाला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणी सिस्टरांच्या शाळेत शिकलेली बाई ती. पण जमिनीचा खटला लढणाऱ्या माणसाला जसं वाटत असतं, तसंच तिलाही वाटलं, की एवढ्या जाड पुस्तकात पळवाट नसेल असं होणारच नाही. दुसऱ्या दिवशी धार काढून झाल्यावर तिनं ट्रंक उघडली.

मधूनच कुठंतरी उघडायचं, बोट ठेवायचं आणि देव बोलला म्हणायचं, ही खालच्या वस्तीतल्या काही बायकांची तऱ्हा तिला पसंत नव्हती. ती लबाडी झाली. तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली. सकाळी गाईला वैरण घालून, दुधाचा चहा घेऊन ती ओट्यावर बसायची. डोंगरावरून धुकं उतरलेलं असायचं, अक्षरं नीट दिसेपर्यंत चहा संपायचा. पहिल्याच आठवड्यात तिचं देवाशी वाजलं. भावानं भावाला मारलं, आणि देवानं काय करावं? मारणाऱ्याला दुसऱ्या कुणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करून ठेवली! म्हणजे हा आधीपासूनच असल्यांच्या बाजूचा आहे, असं तिनं गौडेन्सियाला ऐकवलं. गौडेन्सिया गुरुवारी बाजारातून येताना डोकावायची, केळ्यांचा घड खाली ठेवायची आणि विचारायची, "सापडलं का?" नाही म्हटलं की निघून जायची. पानाचा विषय ती कधी काढत नव्हती, आणि लिओकाडियाला त्याचाच जास्त राग यायचा.

योसेफाची गोष्ट आली तेव्हा मात्र ती खूश झाली. भावांनी विकलेला हा माणूस, पुढं मोठा झाल्यावर त्यांना लगेच गळ्याशी धरत नाही. आधी ओळख देत नाही, कोंडतो, गोणीत चांदीचा प्याला लपवून चोर ठरवतो, घाम फोडतो. माफी मग. गौडेन्सिया येताच लिओकाडियानं ते तिला वाचून दाखवलं आणि म्हणाली, बघ, आधी छळायला परवानगी आहे.

"आणि तू किती छळलंस आत्तापर्यंत?" गौडेन्सियानं विचारलं.

"मी? मी काय केलं? मी तर त्याच्याशी बोललेही नाही."

"तेच म्हणते मी," गौडेन्सिया म्हणाली आणि तिनं घड उचलला.

पावसाळा सरला, कॉफीची फळं लाल होऊन उतरवून झाली. पुस्तकात राजे आले, लढाया आल्या, कोणाचा मुलगा कोण याची पानंच्या पानं आली. तिनं एकही ओळ गाळली नाही. चोरी करायची नाही असं ठरवलं होतं ना. मग एका सकाळी तोबिताची गोष्ट आली. परक्या मुलखात कैदी होऊन राहिलेला हा माणूस. त्याच्याच जातभाईंची प्रेतं वेशीबाहेर टाकलेली असत, पुरायची बंदी होती. सणाच्या दिवशी हा जेवायला बसला, समोर भरलेलं ताट, आणि मुलगा सांगत आला की बाजारात एक जण मरून पडलाय. तोबित घास न घेता उठला. प्रेत घरात आणून ठेवलं आणि सूर्य मावळल्यावर जाऊन पुरलं. शेजारी त्याला हसले. ज्याला त्यानं पुरलं तो त्याचा कुणी नव्हता.

लिओकाडिया ओट्यावर बसून रडायला लागली. नवऱ्याच्या मातीला जे आलं नव्हतं, ते सगळं आलं. शेजारची बकरी येऊन तिचा चहा हुंगून गेली तरी तिला कळलं नाही. हे तर तिच्या बाजूचं होतं, अगदी सरळ तिच्या बाजूचं, तरी विजय झाल्यासारखं काही वाटेना. तिनं वर बघितलं. डोंगर धुक्यात होता. "हे तुला माहीत होतं," ती मोठ्यानं म्हणाली. "पुस्तकात लिहून ठेवलंस, आणि तरी माझ्या अन्सेल्मीला तसंच जाऊ दिलंस?"

आपण कुणाशी बोललो, हे तिच्या नंतर लक्षात आलं. नऊ वर्षं तिनं देवाशी अबोला धरला होता. अबोला मोडला तो भांडायला, पण मोडला.

त्यानंतर ती रोज भांडू लागली. पुढं स्तोत्रं आली आणि तिला शब्दांची ददातच राहिली नाही. शत्रूचे दात पाड म्हणून सांगणारं स्तोत्र तिला इतकं आवडलं, की ते तिनं गौडेन्सियाला दोनदा वाचून दाखवलं. प्रोचेसचे तसेही चारच दात उरलेत, असंही वर म्हणाली. गौडेन्सिया खो खो हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण वहिनी, हे तो देवाला सांगतोय. स्वतः दगड उचलून कुठं गेलाय? देवाला काय हवं ते सांग, त्याला सवय आहे."

लिओकाडिया त्यावर पुष्कळ दिवस विचार करत राहिली. खरंच तसं होतं. शिव्याशाप देणारा तो माणूस सगळं देवापुढं ओतून मोकळा होत होता, आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी त्याचा सूर उतरत होता. तिचंही तसंच होऊ लागलं होतं. सकाळी भांडण झालं की दुपारी गवत कापताना हात हलका चालायचा. डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढण चढताना ती देवाला इकडचं तिकडचं सांगायची, गाईचा पाय सुजलाय, दार-एस-सलामहून पोरानं फोन केला नाही. उत्तर येत नव्हतं. पण कुणीतरी ऐकतंय, हे तिला कळत होतं, जसं पाठ फिरवून बसलेलं माणूस ऐकतंय हे कळतं.

मग तिनं जपमाळ बाहेर काढली. भांडण संपून बोलायचं काही उरलं नाही की हातांना काम हवं, असं तिनं स्वतःला सांगितलं. मारियेच्या प्रार्थना सुरळीत झाल्या. पण मध्ये 'हे आमच्या बापा' आलं आणि ती अडकली. आम्ही जशी दुसऱ्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर. हे तिला म्हणता येईना. देवाशी भांडणं वेगळं आणि देवाशी खोटं बोलणं वेगळं. म्हणून तिनं ती ओळ सोडली आणि भाकरीवरून थेट मोहात पाडू नकोसवर उडी मारली. रोज प्रत्येक वेळी. प्रार्थना लंगडत होती, तिलाही ते ऐकू येत होतं, पण खोटी नव्हती. गौडेन्सियाला हे तिनं सांगितलं तेव्हा गौडेन्सिया पहिल्यांदाच काही बोलली नाही. काहीतरी ओठावर येऊन परत गेल्यासारखं मात्र दिसलं.

दुसऱ्या वर्षीचा पावसाळाही येऊन गेला, आणि थंडीच्या दिवसांत ती शुभवर्तमानापाशी पोचली. तिथं तिला हवं ते सापडलं! वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथं आठवलं की आपल्याबद्दल भावाच्या मनात काही आहे, तर अर्पण तिथंच सोड, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. लिओकाडियानं ते बोटानं दाबून धरलं, जसं काही पळून जाईल. हे प्रोचेसला लागू होतं. तिच्या मनात त्याच्याबद्दल काही आहे, हे त्याला चांगलं माहीत होतं. आणि तो? पान पाठवून हात झटकले, आणि दर रविवारी पहिला जाऊन कम्युनियनची पवित्र भाकर तोंडात घेत असेल, अध्यक्ष ना! क्षमेबद्दल पुढच्या पानांवर काय काय लिहिलं असेल ते असो, आधी ह्याचा निकाल लागू दे. पुस्तकातली गोष्ट पुस्तकाप्रमाणे. रविवारी चर्चला मिस्सेसाठी जायचं, त्याला वेदीपुढं तोंड उघडताना डोळ्यांनी बघायचं, आणि मिस्सा संपल्यावर चार लोकांत हे पान उघडून विचारायचं: बाबा प्रोचेस, हे तुम्ही कधी वाचलं नाहीत का?

रविवारी ती लग्नातलं कापड नेसून, बायबल काखेत मारून उतरली. पायरीवर क्षणभर पाय थबकला, पण ती कामासाठी आली होती. गौडेन्सिया गायकांत उभी होती, तिला बघून तिचा सूर चुकला. लिओकाडिया मागं खांबाशेजारी बसली, जिथून पुढचे बाक दिसतात. प्रोचेस दुसऱ्या बाकावर होता, वाटेच्या कडेला. दहा वर्षांत पाठ वाकून गेली होती, मान कॉलरातून कासवासारखी पुढं आली होती. हा एवढासा कधी झाला, असं तिला वाटलं आणि तिनं ते लगेच बाजूला सारलं.

ढोल वाजले, अर्पणाला केळी आणि अंडी पुढं गेली. 'हे आमच्या बापा' सगळ्यांनी मिळून म्हटलं. ती ओळ आली तेव्हा लिओकाडियानं ओठ मिटले. मग कम्युनियनसाठी बाकामागून बाक उठू लागले. ती मान उंच करून बघत होती. दुसऱ्या बाकाची पाळी आली. प्रोचेसनं गुडघे बाजूला वळवले, आणि बाकीचे त्याच्या पायांवरून एकेक करून बाहेर पडले. तो बसूनच राहिला. कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. गुडघे वळवण्याची आणि पाय ओलांडण्याची ती सवय दोन्हीकडून इतकी मुरलेली होती, की ते कधीपासूनचं आहे हे समजायला हिशेब नको होता.

"आजारी आहेत का ते?" लिओकाडियानं शेजारच्या मुलीला हळूच विचारलं. मुलगी नुकतीच लग्न होऊन आलेली दिसत होती, तिच्या ओळखीची नव्हती.

"छे हो. मागच्या वर्षीच्या उपासकाळापासून ते कम्युनियनच घेत नाहीत," मुलगी कुजबुजली. "कुणाची तरी माफी मागितलीय म्हणे, ती मिळेपर्यंत घेणार नाहीत. फादरांनी समजावलं, तुमचं मन साफ आहे, या. तरी नाही. आणि त्या बाईला कुणी सांगायचं नाही अशी तंबी दिलीय. पान पाठवून एकदा तिला कोंडीत धरलं, आता माझ्या उपाशी राहण्यानं नको, म्हणतात." मग जरा थांबून म्हणाली, "असेल कुणी दगडाच्या काळजाची."

 लिओकाडियानं काखेतलं बायबल बाकावर ठेवलं. ती प्रोचेसला पकडायला आली होती, आणि ते वाक्य तिच्या आधी त्याला सापडलं होतं. तिनं ते बोटानं दाबून धरलं, त्यानं ते पाळलं. आणखी एक गोष्ट मनाला लागली, की सबंध गावानं हे तोंड मिटून सांभाळलं, गौडेन्सियानंसुद्धा, दर गुरुवारी तिच्या ओट्यावर बसून. तिला राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींच्या खाली एक साधी गोष्ट होती: म्हातारा दीड वर्ष उपाशी होता, आणि ताट तिच्या हातात होतं.

ती उठली. रांग वेदीकडे सरकत होती, लोकांना वाटलं तीही कम्युनियनला निघालीय, आणि त्यांनी तिला जागा करून दिली. दुसऱ्या बाकापाशी ती रांगेतून बाहेर पडली आणि प्रोचेसच्या शेजारी बसली. त्यानं मान वळवली. तिला ओळखायला त्याला वेळ लागला. 

"नियम नव्हता तो," तो म्हणाला. तिनं काही विचारायच्या आधीच, जणू किती दिवस ते तोंडात धरून बसला होता. "अन्सेल्मीनं माझी चेष्टा केली, त्याचा राग होता मला. राग आधी आला, पोरी. नियम मला नंतर आठवला."

"मला माहीत होतं ते," लिओकाडिया म्हणाली. आवाज कडकच निघाला. "मिस्सा झाल्यावर आमच्या बागेत यायचं. अन्सेल्मीपाशी उभं राहून प्रार्थना म्हणायची. शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल अशी."

"येतो. गुडघे चढू देत नाहीत, पण येतो."

"सावकाश चढा. मी थांबेन."

रांगेत आता शेवटची चार-पाच माणसं उरली होती. प्रोचेस तिच्याकडेच बघत होता. पान तुला पुन्हा पाठवायला हवं का, असं त्यानं चाचरत विचारलं.

"पान कशाला? मी आलेय ना," ती म्हणाली. आणि मग ते शब्द तिनं म्हटले, गाईला दावं बांधलं असं सांगावं इतक्या साध्या सुरात, कारण याहून गोड तिला जमत नव्हतं. "माफ केलं, बाबा. उठा आता. रांग संपतेय."

तिनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं. तो बाकांना धरत धरत गेला. वेदीपुढं सगळ्यात शेवटी पोचला, आणि गायकांचं गाणं मध्येच बारीक झालं, कारण अर्ध्या गायकांना रडू येत होतं. फादरांनी वाट पाहिली. म्हाताऱ्यानं तोंड उघडलं, तेव्हा लिओकाडियाला ते डोळ्यांनी दिसलं.

गायकांतून गौडेन्सिया तिला हातानं खुणावत होती, जा, तूही जा. लिओकाडियानं मान हलवली. तिला आधी पापनिवेदनात दहा वर्षांचं सांगून मोकळं व्हायला हवं होतं, आणि ते फादरांना एका बैठकीत ऐकवून होईल असं तिला वाटत नव्हतं. प्रोचेस परत येऊन तिच्या शेजारी बसला. ती गुडघ्यांवर उतरली आणि तोंडातल्या तोंडात 'हे आमच्या बापा' म्हणू लागली. त्या ओळीपाशी ती थांबली, श्वास घेतला, आणि ओळ म्हणून पुढं गेली.